दोन्ही घरच्या लेकी

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानासाठी आजवर आरोग्य, बालसंगोपन, संतवाङ्मय असे विषय झाले. आजचा विषय कानाला जरा वेगळा लागेल. ज्यांचे आईवडील दोन निरनिराळ्या वंशांचे होते आणि ज्यांनी पुढे जगात नाव काढले, अशा काही स्त्रियांविषयी मी बोलणार आहे. चित्रकार, नट्या, खेळाडू यांच्या कथा ऐकायला गोड असतातच, पण तेवढ्यासाठी हा विषय घेतलेला नाही. आज आपल्या आळीत असे घर विरळा की ज्याचा मुलगा किंवा मुलगी परदेशी नाही. तिकडे लग्ने होतात. उन्हाळ्याच्या सुटीत नातवंडे येतात. एखाद्याचे केस कुरळे, एखादीचे डोळे निळे. मग जिन्यात कुजबूज सुरू होते : "हे पोर आपल्यातले दिसते की तिकडचे?" बोलणारीला तो साधा प्रश्न वाटतो. ऐकणाऱ्या पोराच्या मनावर मात्र तो जन्मभराचा चरा उमटवू शकतो. तो कसा, हेच मला आज सांगायचे आहे.

अशा माणसांसाठी आपल्या भाषेत धड शब्दसुद्धा नाही, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. 'संकर' म्हटले की त्यात दोषाचा वास येतो. इंग्रज 'हाफ कास्ट' म्हणत, त्यातही तुच्छताच भरलेली. त्यांच्या बोलण्याच्या ढबीवरून त्यांना 'चीची' म्हणून हिणवीत. दोन घरांचे दान ज्याला मिळाले त्याला श्रीमंत म्हणायचे. आपण मात्र त्याला अर्धवट ठरवले.

आपल्या चित्रपटाच्या जन्मकाळापासूनच सुरुवात करू. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळेना. अखेर अण्णा साळुंके या गृहस्थाने ती भूमिका केली. पुढच्याच चित्रात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी धैर्याने पाऊल टाकले, पण त्या अपवाद. घरंदाज म्हणवणाऱ्या घरांनी पुढेही कित्येक वर्षे आपल्या मुली या धंद्याकडे फिरकू दिल्या नाहीत. मग दमयंती, यशोधरा कोणी व्हायचे? ते काम अँग्लो-इंडियन मुलींनी केले. पेशन्स कूपर १९२० साली 'नल दमयंती' चित्रात दमयंती झाली. रेनी स्मिथ नावाची मुलगी 'सीतादेवी' हे नाव घेऊन १९२५ च्या 'लाइट ऑफ एशिया' या चित्रात बुद्धाची पत्नी झाली. ज्यांना आपण आपल्या पंक्तीला बसवले नसते, त्यांनी आपल्या पुराणातल्या पतिव्रता रंगवल्या आणि प्रेक्षकांनी त्यांना हात जोडले. १९३१ साली बोलपट आला. त्यात अस्खलित हिंदुस्थानी बोलायला हवी होती, आणि यांतल्या बहुतेकींना तेच जमेना. त्या मागे पडल्या. पाया घालणारी माणसे पुष्कळदा वास्तुशांतीच्या जेवणाला नसतात, तसेच हे झाले.

आता मुंबईत जन्मलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. ती जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण माझे सारे म्हणणे तिच्यातच आहे.

१९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्प्सन ही मुलगी जन्मली. घरात तिला 'क्वीनी' म्हणत. वडील रेल्वेत नोकरी करणारे इंग्रज. जिला ती आई म्हणे ती शार्लट मूळची सिलोनकडची, मिश्र वंशाची. खरी हकीकत अशी होती की, शार्लट तिची आजी होती. शार्लटची मुलगी कॉन्स्टन्स लहान वयातच आई झाली. बोभाटा होऊ नये म्हणून आजीने ते मूल आपले म्हणून वाढवले. म्हणजे क्वीनीने आजीला आई मानले आणि जन्मदात्या आईला बहीण! माणसे लाजेकाजेस्तव काय काय लपवतात आणि त्याचा भार शेवटी कोणाच्या डोक्यावर येतो, पाहा.

पुढे हे कुटुंब कलकत्त्याला गेले. तिथल्या एका नामांकित शाळेत तिला शिष्यवृत्ती मिळाली, पण बरोबरीच्या मुलींनी जन्मावरून इतके टोमणे मारले की तिने शाळाच सोडली. दिसायला ती विलक्षण सुंदर होती. हौशी मंडळींच्या नाटकांत कामे करू लागली. विशीच्या आतच शार्लटला बरोबर घेऊन तिने विलायत गाठली. लहानसहान कामे करीत असताना अलेक्झांडर कोर्डा या मातबर निर्मात्याची तिच्यावर नजर गेली. १९३३ च्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' या चित्रात ती राणी ॲन बोलिन झाली आणि तिचे नाव झाले, मर्ल ओबेरॉन.

हे नाव नुसते नव्हते, त्याच्याबरोबर नवा जन्मही आला. प्रसिद्धी करणाऱ्यांनी सांगितले की, ही बाई ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर एका गोऱ्या घरात जन्मली. टास्मानियाच का? तर ते इतके दूर की चौकशीला जाणार कोण! मुंबई पुसली गेली, कलकत्ता फक्त काही काळ राहिल्याचे गाव झाले. आणि शार्लटचे काय? ती लेकीबरोबरच राहत होती, पण पाहुण्यांना सांगितले जाई की ही आमची कामवाली. जिने जगाची जीभ अंगावर घेऊन नातीला लेक म्हणून वाढवले, ती लेकीच्या दिवाणखान्यात मोलकरीण म्हणून वावरली. १९३७ साली ती वारली. पुढे १९४९ साली मर्लने एका जुन्या छायाचित्रावरून तिचे तैलचित्र करवून घेतले आणि चित्रकाराला सांगितले, रंग जरा उजळ काढा. चरित्रकारांनी नोंदवलेली ही गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा मला तिचा राग आला नाही, पोटात तुटले. आईची आठवण हवी होती, पण आई जशी होती तशी भिंतीवर लावण्याची सोय नव्हती.

भगिनींनो, इथे कोणीही चटकन म्हणेल, कसली ही कृतघ्न बाई! पण थोडे थांबा. त्या काळची अमेरिका कशी होती ते पाहू. भारतीय माणूस कायद्याच्या दृष्टीने 'गोरा' नाही, म्हणून त्याला अमेरिकन नागरिक होता येणार नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली दिला होता. ती अडचण १९४६ साली दूर झाली. चित्रपटांसाठी एक आचारसंहिता होती, ती १९३४ पासून कडक झाली. गोऱ्या आणि काळ्या वंशांच्या स्त्रीपुरुषांचे प्रेम पडद्यावर दाखवायला तिच्यात मनाई होती, आणि त्याची झळ आशियाई कलावंतांनाही लागे. अ‍ॅना मे वाँग ही अमेरिकेतच जन्मलेली नामवंत चिनी नटी. पण 'द गुड अर्थ' या १९३७ च्या चित्रात चिनी शेतकऱ्याच्या बायकोचे काम तिला न मिळता जर्मनीत जन्मलेल्या लुइसे रायनरला मिळाले, आणि रायनरला त्याबद्दल ऑस्कर पारितोषिकही मिळाले. अशा गावात मर्लने 'मी मुंबईची, माझी आई सिलोनची' असे सांगितले असते, तर दुसऱ्या दिवशी तिला गाशा गुंडाळावा लागला असता. खोटे ती बोलली हे खरे. पण ते तिच्याकडून बोलवून घेणारा समाज नामानिराळा कसा राहील?

त्या खोट्याची किंमत मात्र मोठी होती. 'द डार्क एंजल' या १९३५ च्या चित्रासाठी उत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्कर पारितोषिकाकरिता तिचे नाव पुढे आले. १९३९ साली 'वुदरिंग हाइट्स' आला. त्यातला योगायोग ऐका. एमिली ब्राँटेच्या मूळ कादंबरीत नायक हीथक्लिफ हा सावळ्या वर्णाचा, कुठल्या वंशाचा आहे हे कोणालाच माहीत नसलेला पोरका मुलगा आहे, आणि नायिका कॅथी घरंदाज इंग्रज मुलगी. पडद्यावर सावळा हीथक्लिफ झाला गोरा लॉरेन्स ऑलिव्हिए, आणि जिच्या कुळाचा खरोखरच पत्ता नव्हता ती झाली गोरी कॅथी! लाखो लोकांनी ते चित्र पाहिले. कथेतल्या नायकाचे गुपित नायिकेच्याच चेहऱ्यामागे दडले आहे, हे त्यांच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

१९७८ साली टास्मानियाची राजधानी होबार्ट इथे तिचा 'आपली लेक' म्हणून नागरी सत्कार झाला. जिथे जन्मलीच नाही, तिथल्या लोकांचे प्रेम हसतमुखाने स्वीकारायचे म्हणजे मनाची काय अवस्था झाली असेल! पुढच्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ रोजी ती वारली. मरणानंतर चार वर्षांनी तिचे चरित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा मुंबईचा जन्म जगाला कळला. कॉन्स्टन्स ही तिची बहीण नसून आई होती, हे तर त्याहूनही उशिरा, मुंबईच्या जन्मदाखल्यावरून उघड झाले. तो दाखला शोधला कॉन्स्टन्सच्याच दुसऱ्या एका मुलाने.

आता माझा मुद्दा सांगते. २०२३ साली मलेशियात जन्मलेल्या मिशेल यो या अभिनेत्रीला ऑस्कर मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांतून चर्चा झाली की, उत्कृष्ट अभिनेत्रीच्या पारितोषिकासाठी नाव आलेली आशियाई वंशाची पहिली स्त्री कोण? उत्तर निघाले, मर्ल ओबेरॉन, १९३६. मध्ये सत्त्याऐंशी वर्षे गेली! त्या वर्षांत मुंबईतल्या, कलकत्त्यातल्या, रंगूनमधल्या किती सावळ्या मुलींनी आरशापुढे उभे राहून नाटके केली असतील. आपल्यासारखीच एक मुलगी तिथवर पोचली होती, हे त्यांतल्या एकीलाही ठाऊक नव्हते. लपवलेल्या यशाची पायवाट होत नाही. जो पुढे जातो त्याचे पाऊल मातीत उमटलेले दिसावे लागते, तरच मागचा माणूस त्यावर पाय ठेवतो. मर्लने उंच शिखर गाठले, पण चढताना आपली पावले पुसत गेली, किंवा तिला ती पुसावी लागली.

याच्या अगदी उलट गोष्ट अमृता शेरगिलची. ही जन्मली ३० जानेवारी १९१३ रोजी बुडापेस्ट शहरी, म्हणजे मर्लहून दोन वर्षांनी धाकटी. वडील उमरावसिंग शेरगिल मजिठिया, पंजाबचे शीख सरदार, संस्कृत आणि फारसीचे व्यासंगी, छायाचित्रणाचे षौकीन. आई मारी अँतोनेत गोत्समान, हंगेरीची गायिका. लहानपण हंगेरीत गेले, पुढे १९२१ पासून सिमल्याला. आईला मुलीचा हात ओळखता आला. तिच्या शिक्षणासाठी १९२९ साली सारे कुटुंब पॅरिसला जाऊन राहिले. 'तरुण मुली' या १९३२ सालच्या चित्राबद्दल पॅरिसच्या प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळाले, तेव्हा ती जेमतेम विशीची होती.

तिथेच राहती तर पॅरिसमधली एक यशस्वी चित्रकर्ती झाली असती. पण तिला ओढ लागली हिंदुस्थानची. १९३४ च्या अखेरीस ती परतली, साडी नेसू लागली, आणि युरोपात थोर चित्रकार पुष्कळ आहेत, माझे क्षेत्र हिंदुस्थान, असे ठासून सांगू लागली. नोव्हेंबर १९३६ मध्ये मुंबईला ताजमहाल हॉटेलात तिच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. त्या मुक्कामात कार्ल खंडालावाला यांच्यासारख्या जाणकार समीक्षकाची तिची ओळख झाली, आणि तिथून ती गेली आपल्या अजिंठा-वेरूळला. मैत्रिणींनो, आपल्या महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी ही घटना आहे. अजिंठ्याच्या भिंतींपुढे उभी राहून ती इतकी भारावली की, युरोपातला सगळा वैभवाचा काळ तिला त्यापुढे फिका वाटला. तिथून ती दक्षिणेत गेली, कोचीनची भित्तिचित्रे पाहिली. परत आल्यावर १९३७ साली तिने तीन मोठी चित्रे काढली : 'नवरीचा शृंगार', 'ब्रह्मचारी' आणि 'बाजाराला निघालेले दक्षिणी खेडूत'. त्याच वर्षी तिच्या 'तीन मुली' या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

या चित्रांत काय आहे, ते आपण बायकांनी जरूर पाहावे. 'तीन मुली'मध्ये तीन लग्नाच्या वयाच्या पोरी शेजारी शेजारी बसल्या आहेत. कोणी कोणाशी बोलत नाही. नजर खाली. पुढे काय वाढून ठेवले आहे याची वाट पाहणारे ते चेहरे आहेत. 'नवरीचा शृंगार'मध्ये वेणीफणी चालली आहे, हात रंगलेले आहेत, पण चेहऱ्यावर हसू नाही. दाखवायला नेण्यापूर्वीची दुपार आपल्यापैकी किती जणींनी अशीच काढली असेल! देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या चित्रांची सवय असलेल्या देशाला, साध्या बायकांची दुपारसुद्धा चित्राचा विषय होते हे तिने दाखवून दिले. रंग लावण्याचे कसब पॅरिसचे, माणसे आणि माती इथली. दोन घरांतून मिळालेले तिने दोन्ही वापरले, एकही टाकले नाही. म्हणूनच तिला आधुनिक भारतीय चित्रकलेची अग्रदूत मानतात.

५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोरला ती वारली. वय अवघे अठ्ठावीस. १९७६ साली भारत सरकारने तिची चित्रे राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केली. तिच्या 'कथा सांगणारी' या चित्राला २०२३ साली लिलावात एकसष्ट कोटी ऐंशी लाख रुपये आले. रकमेचे मला फारसे अप्रूप नाही. चित्रकलेच्या शाळेत आज जी मुलगी ब्रश हातात घेते, तिला अमृताचे नाव ठाऊक असते, हे मला जास्त मोलाचे वाटते.

मात्र न्याय दोघींनाही सारखा हवा. अमृता उजळ माथ्याने वावरली याला तिचे तेज कारण होतेच, पण घरची सुबत्ताही होती, वडिलांचे नाव होते, आईवडिलांचे रीतसर लग्न होते. मर्लजवळ यांतले काहीच नव्हते. खरे बोलायला धैर्य लागते हे खरे. पण ज्याच्या पायाखाली जमीन आहे त्याला ते धैर्य थोडे स्वस्त पडते, हे आपण विसरू नये.

तिसरी गोष्ट आपल्या सर्वांच्या ओळखीची, हेलनची. ही १९३८ साली रंगूनला जन्मली. वडील अँग्लो-इंडियन, आई ब्रह्मी. महायुद्धात घरदार गेले, वडील गेले. १९४३ साली आई लेकरांना घेऊन जंगलातून, उपाशीतापाशी, शेकडो मैल चालत आसामात पोचली. वाटेत आईचा गर्भ पडला. कलकत्त्याला आल्यावर भाऊ देवीच्या साथीत गेला. मग मुंबई. आई परिचारिकेचे काम करी, पण त्यात भागेना, म्हणून मुलीने शाळा सोडली. कुक्कू या अँग्लो-इंडियन नर्तिकेने तिला चित्रपटांतल्या समूहनृत्यात उभे केले. १९५८ च्या 'हावडा ब्रिज'मधल्या चिनी मुलीच्या नाचाने ती एका रात्रीत प्रसिद्ध झाली.

हेलनने काही लपवले नाही. नावही आपले आईवडिलांनी ठेवलेलेच ठेवले. पण आपण तिला काय दिले? मर्लला खोटे बोलावे लागले. हिला खरे राहू दिले, पण घराच्या उंबरठ्याबाहेर. कधी चिनी, कधी स्पॅनिश, कधी जिप्सी, पण 'आपली' कधीच नाही. मंगळसूत्र नायिकेच्या गळ्यात आणि खलनायकाची गोळी हेलनच्या छातीत, असा जणू ठरलेला हिशेब होता. जो मोकळा नाच आपल्या मुलींनी करू नये असे आपण म्हणत होतो, तोच पाहायला आपणच तिकीट काढून जात होतो. तिने मात्र ते काम इतक्या निष्ठेने आणि इतक्या स्वच्छपणे केले की, आज तिची नक्कल न केलेली नर्तिका चित्रपटसृष्टीत सापडायची नाही. १९७९ च्या 'लहू के दो रंग'मधल्या अभिनयाबद्दल तिला फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, आणि २००९ साली पद्मश्री. चित्राचे नाव किती समर्पक : रक्ताचे दोन रंग! रक्ताला दोन रंग नसतात हे शाळेतले पोरही जाणते.

आता थोडे कायद्याकडे वळते. आपल्या राज्यघटनेच्या ३६६ व्या कलमात अँग्लो-इंडियन कोण, याची व्याख्या आहे. ज्याचा पिता, किंवा पित्याच्या बाजूचा कोणी पुरुष पूर्वज, युरोपीय वंशाचा होता आणि जो भारताचा रहिवासी आहे, तो अँग्लो-इंडियन. आईचा उल्लेख नाही! म्हणजे या व्याख्येने पाहिले तर हंगेरीच्या आईची अमृता त्यात बसत नाही. नऊ महिने पोटात वागवणारी, भाषा शिकवणारी, ओव्या-अंगाई म्हणणारी आई कायद्याच्या मोजपट्टीत येतच नाही. अमेरिकेत निराळाच प्रकार. तिथे जनगणनेच्या कागदावर वंशाचा एकच रकाना भरावा लागे. २००० साली प्रथमच एकाहून अधिक रकान्यांत खूण करायची मुभा मिळाली, आणि त्या वर्षी सुमारे अडुसष्ट लाख लोकांनी तशी खूण केली. २०२० सालच्या जनगणनेत ही संख्या तीन कोटी अडतीस लाखांवर गेली. एवढी माणसे काही वीस वर्षांत नव्याने जन्मली नाहीत. मोजण्याची पद्धत बदलली, आणि आईबाप दोघांचे नाव सांगण्याची भीतीही थोडी कमी झाली.

जग बदलत चालले आहे, याच्या दोन खुणा सांगून आवरते घेते. पहिली नाओमी ओसाका, टेनिसपटू. आई जपानी, वडील हैती देशाचे कृष्णवर्णीय. तिच्या आजोबांना हे लग्न पसंत नव्हते, त्यामुळे तिच्या आईला कित्येक वर्षे माहेर बंद होते. पण लेकीने आडनाव लावले ते आईचे. २०१८ साली तिने अमेरिकेची मोठी स्पर्धा जिंकली. २०१९ साली एका जपानी कंपनीने जाहिरातीच्या चित्रात तिचा वर्ण गोरा रंगवला. १९४९ सालचे शार्लटचे तैलचित्र आठवले ना? फरक इतकाच की, या वेळी लोकांनी हरकत घेतली, कंपनीने माफी मागितली आणि जाहिरात मागे घेतली. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये अखेरची ज्योत पेटवण्याचा मान जपानने याच मुलीला दिला.

दुसरी कमला हॅरिस. आई श्यामला गोपालन, मद्रासकडची तमिळ, १९५८ साली एकटी शिकायला अमेरिकेत गेलेली आणि पुढे स्तनांच्या कर्करोगावर संशोधन करणारी. वडील जमैकाचे. २०२१ साली कमला अमेरिकेच्या उपाध्यक्ष झाल्या. पुढे २०२४ ची अध्यक्षपदाची निवडणूक त्या हरल्या, आणि त्यांच्या राजकारणाविषयी कोणाचे मत काहीही असो. पण २०२० साली साऱ्या देशापुढे उमेदवारी स्वीकारताना त्यांनी आईचे नाव घेतले आणि मावश्यांची आठवण तमिळ शब्दाने काढली. तीच अमेरिका, जिथे मर्लला आपला जन्म लपवावा लागला होता! या एका शब्दासाठी मध्ये किती जणींनी किती सोसले असेल, याचा हिशेब कोण मांडणार?

मैत्रिणींनो, आपण बायका तरी या गोष्टीला परक्या कशा? आपली प्रत्येकीची दोन घरे असतात. सासरी गेल्यावर 'तुमच्याकडे असे करतात वाटते' हे वाक्य जिने ऐकले नाही अशी इथे कोणी असेल असे वाटत नाही. सासरच्या आमटीला गूळ घालतात म्हणून आपण माहेरची फोडणी विसरत नाही. दोन्ही चवी हाताला राहतात, आणि लेकीला आपण दोन्ही शिकवतो. दोन घरांची असणे म्हणजे अर्धे असणे नव्हे, हे आपल्याइतके दुसरे कोणाला कळणार?

तेव्हा माझे मागणे साधे आहे. या सुटीत कुणाचे कुरळ्या केसांचे नातवंड जिन्यात भेटले, तर ते कोणासारखे दिसते याची चर्चा त्याच्या देखत करू नका. नाव विचारा, हातावर लाडू ठेवा. त्याच्या दुसऱ्या आजीला काय म्हणतात ते त्याच्याच भाषेत विचारून घ्या आणि तो शब्द म्हणून दाखवा. गोऱ्या रंगाचे कौतुक आणि सावळ्या रंगाची कीव, दोन्ही बंद करा. कारण रंग लपवायची पहिली शिकवण हॉलिवूडमध्ये मिळत नाही, ती घरात, उटणे लावतानाच मिळते. आणि सुनेची आई परदेशाहून आली, तर तिला समारंभात पुढच्या खुर्चीवर बसवा.

मर्ल ओबेरॉनने मोठी कीर्ती मिळवली, पण ज्या बाईने तिला वाढवले तिचा हात धरून चार लोकांत तिला उभे राहता आले नाही. आपल्या लेकीसुनांना, नातवंडांना आपापल्या आईचे नाव मोठ्याने सांगता यावे, एवढी जागा आपण आपल्या अंगणात करून ठेवू या. ते काम सरकारच्या कायद्याची वाट पाहत थांबलेले नाही, ते आपल्या हातचे आहे.